हानलेचं लाल आकाश

ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच अरोरा, नॉर्वेत दिसतो हे तुम्ही वाचलंच असेल. पण १०-११ मे २०२४ च्या रात्री तो चक्क आपल्या लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून टिपला गेला! ते फोटो पाहून माझ्या भाचीने नाक मुरडलं. "मामा, हे खोटं आहे. पुस्तकात हिरवे पडदे दाखवलेत. इथे नुसता लाल धूर!" शंका रास्त होती. 'असतं तसं' म्हणून तिला वाटेला लावणं मला पटेना. बसलो मग कागद-पेन्सिल घेऊन.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. हे कण सरळ ध्रुवांवर येऊन आदळतात, असं बरेच जण सांगतात. पण खरी गंमत वेगळीच आहे. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हा वारा रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणतो. ताण फार झाला की चुंबकरेषा तुटून पुन्हा जुळतात आणि त्या झटक्याने इलेक्ट्रॉन ध्रुवांकडच्या प्रदेशांत भिरकावले जातात. तिथे ते ऑक्सिजनच्या अणूंना धडकतात आणि अणू उजळतात. निऑनच्या पाटीत वायू उजळतो ना, तसेच.

हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० कि.मी. उंचीवर तयार होतो. लाल मात्र २०० कि.मी.च्या वर. लाल प्रकाश बाहेर टाकायला अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढी उसंत कुठली? त्याआधीच दुसरा कण टक्कर देऊन ऊर्जा पळवतो. वरची हवा विरळ, तिथे सगळं निवांत.

आता अलिबागच्या किनाऱ्यावर उभे आहात असं समजा. दूरच्या गलबताची डोलकाठी दिसते, खालचा भाग पाण्याआड असतो, कारण पृथ्वी गोल आहे. त्या रात्रीचा प्रकाशही हानलेपासून खूप दूर, उत्तरेला होता. हिरवा भाग क्षितिजाआड, वरचा लाल शेंडा तेवढा दिसला. म्हणजे फोटो लाल आहे, हीच त्याच्या खरेपणाची खूण!

अलिबागचं नाव मुद्दामच घेतलं. सप्टेंबर १८५९ मधलं प्रचंड सौरवादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकांनी नोंदवलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिथे आजही हे काम चालतं.

आणि ४ फेब्रुवारी १८७२ रोजी तर ध्रुवीय प्रकाश खुद्द मुंबईतून दिसल्याची नोंद आहे!