कोलारच्या खाणीचं देणं

न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षं गेली. या वाटेवर ज्यांचं देणं लागतो त्यांत गुरुजन आहेत, सहकारी आहेत, आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीतले एक मेस्त्रीही आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

मी ‘टीआयएफआर’चा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) विद्यार्थी म्हणून मुंबईहून तिथे गेलो. जमिनीखाली सुमारे 2.3 किलोमीटरवर 140 टनांचं लोखंडी उपकरण 1980 पासून प्रोटॉनच्या विघटनाची वाट पाहत होतं. इतकी खोली हवी, कारण वैश्विक किरणांतले बहुतेक कण वरचा खडक अडवतो; न्यूट्रिनो मात्र आरपार येतात. वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा 1965 साली जगात पहिल्यांदा दोन खाणींत सापडल्या. एक दक्षिण आफ्रिकेतली, दुसरी हीच.

खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात, म्हणजे केजमध्ये, कुठे उभं राहायचं, डोक्यावरचा खडक कुरकुरला की कुठे सरायचं, हे अण्णांनी शिकवलं. प्रोटॉन फुटायला वर्षानुवर्षं लागतील असं मी म्हटल्यावर ते मोडक्या हिंदीत म्हणाले, “मग दिव्याची बॅटरी जपा, सार.”

डोक्यावर खडक किती हवा, याचं गणित मी त्यांना सांगितलं. तो फोडला कुणी, हे त्यांनी मला सांगितलं: रॉकबर्स्टमध्ये, म्हणजे खडक अचानक फुटून, गाडली गेलेली माणसं, दगडाच्या धुळीने निकामी झालेल्या छात्या.

2001 मध्ये खाणच बंद झाली. पण अण्णांचं बोलणं मला सगळीकडे भेटत राहिलं. न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याचा 1998 चा पुरावा जपानमधल्या कामिओकाच्या खाणीतून आला. सूर्याच्या न्यूट्रिनोंचं कोडं कॅनडातल्या निकेलच्या खाणीत सुटलं. अमेरिकेचा ‘ड्यून’ हा न्यूट्रिनो प्रयोग साउथ डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत उभा राहतो आहे. कणभौतिकीचं काही महत्त्वाचं काम असं खाणकामगारांनी आधीच खणलेल्या खाणींत चाललं आहे.

तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात मात्र बोगदा नव्याने खणायचा होता. 50 हजार टन चुंबकित लोखंडाच्या तिथल्या न्यूट्रिनो प्रकल्पाला केंद्राने 2015 मध्ये मंजुरी दिली. स्थानिक विरोधामुळे तो अडला. आमच्यातले काही जण याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. डोंगराचं, पाण्याचं काय होणार, हे तिथली माणसं आधी विचारतात. कोलारमध्ये किंमत दुसऱ्यांनी आधीच मोजली होती, म्हणून आम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही. थेनीत विचारावं लागतं, तेच रास्त आहे. न्यूट्रिनो मी पुस्तकांतून शिकलो. ही समज अण्णांची.