पीसीडी जुळलं, पुढे?

इनोव्हा आणि फोर्ड मस्टँग या दोन गाड्यांत सारखं काय, असं विचारलं की गिऱ्हाईक हसतं. एक आमच्या भूम-परंड्याकडे पुढाऱ्यांच्या ताफ्यात धुरळा उडवत जाणारी, दुसरी व्ही-एट इंजिनाची अमेरिकन स्पोर्ट्स कार, 2016 साली भारतात विकायला आलेली. पण दोघींची चाकं उतरवून शेजारी ठेवली तर बोल्टांची मांडणी एकच निघते: 114.3 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच. हे वर्तुळ म्हणजे पीसीडी. आकडा विचित्र दिसतो, कारण तो मुळात साडेचार इंच आहे. फॉर्च्युनरचा 139.7 म्हणजे साडेपाच.

मग मस्टँगला इनोव्हाचं चाक बसतं का? नाही. मस्टँगच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा साधारण 70.5 मिलिमीटरचा आणि इनोव्हाच्या चाकाचं मधलं भोक 60.1 चं. उलट मस्टँगचं चाक इनोव्हावर चढेल, पण मध्ये दहा मिलिमीटरची मोकळीक राहील. शिवाय इनोव्हाचे स्टड 12 मिलिमीटरचे, मस्टँगचे 14 चे. दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न 'पीसीडी बसतंय ना?' हाच असतो. माझं काम त्याच्यापुढे सुरू होतं.

मी मूळचा भूमकडच्या ईट गावचा, अलॉय आणि अलाइनमेंटचं काम पुण्यात करतो. आमच्या घरात सुतारकी होती. बैलगाडीच्या चाकाला बोल्ट नसतो. चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकात आस, बाहेरून एक खीळ, आणि सगळा भार त्या भोकावर. भोक झिजलं की गाडी डुलत चालते. त्यामुळे चाक हातात आलं की माझी नजर आधी मधल्या भोकाकडे जाते. मोटारीत हिशोब थोडा वेगळा आहे. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात, भार त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं, आणि चाक नेमकं मधोमध ठेवण्याचं काम मधल्या भोकाचं. बाजारातली बरीच अलॉय मुद्दाम मोठ्या भोकाची असतात, एकच डिझाइन अनेक गाड्यांना विकता यावं म्हणून. तिथे मधली मोकळीक भरायला हब रिंग घालावी लागते. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, आणि लाखाचा सेट घेणारा माणूस नेमकी तीच नको म्हणतो. मग ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि दोष बॅलन्सिंगवर जातो.

खिळीची गोष्ट निघालीच आहे, तर पोर्शे 911 जीटी-थ्रीच्या अलीकडच्या पिढ्यांना मधोमध एकच नट असतो. तो 600 न्यूटन-मीटरला आवळावा लागतो. साध्या 911 ला मात्र पाच बोल्ट, 130 च्या वर्तुळावर.

पाच बोल्टांचं वर्तुळ मोजताना भले भले फसतात. चार असले की समोरासमोरच्या दोन भोकांचं अंतर घेतलं, झालं. पाचात समोर कोणी नसतं. शेजारच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला 0.588 ने भागायचं. 112 च्या चाकात हे अंतर 65.8 येतं, 114.3 च्या चाकात 67.2. फरक दीड मिलिमीटरसुद्धा नाही. टेप लावून हे कळत नाही, व्हर्नियरच लागतो. आणि खरा धोका अशा जवळच्या आकड्यांचाच आहे. 130 चं चाक 112 वर कोणी बसवायलाच जात नाही. पण फियाट पॅलिओचं वर्तुळ 98 चं. सचिन तेंडुलकरच्या नावाची पॅलिओ एस-टेन आठवत असेल, तिचंही तेच. तिच्यावर स्विफ्टची, म्हणजे 100 ची अलॉय ठोकून बसवलेली मी पाहिली आहेत. प्रत्येक भोक एक मिलिमीटरने बाहेर. पहिला बोल्ट नीट बसतो, बाकीचे तिरके ओढले जातात, आणि सतत वाकत राहिलेला बोल्ट एक दिवस तुटतो.

गाडीच्या नावावर विसंबणं हीही फसगतच. बीएमडब्ल्यू झेड-फोरच्या आधीच्या पिढीचं वर्तुळ 120 चं, 2018 नंतरच्या गाडीचं 112 चं. आमच्या मराठवाड्यात, शेंद्र्याला जुळणी झालेल्या पहिल्या ऑक्टाव्हियाचं 100, पुढच्या पिढीच्या लॉराचं 112. मर्सिडीजचंही 112. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. त्या गाड्यांची उतरवलेली चाकं लॉरावर चढवायचा मोह कोणालाही होईल. वर्तुळ तंतोतंत जुळतं. पण मर्सिडीजच्या चाकाचं भोक 66.6 आणि लॉराचा हब 57.1.

त्याहून बारीक भानगड बोल्टच्या बैठकीची. बोल्टचं डोकं चाकाला जिथे टेकतं तो भाग कुठे शंकूसारखा उतरता, तर कुठे चेंडूसारखा गोल. फोक्सवॅगन आणि पोर्शे दोघांचे बोल्ट 14 मिलिमीटरचे, आटे दीडचे, बैठक गोल. पण फोक्सवॅगनच्या गोलाईची त्रिज्या 13 ची, पोर्शेची 14 ची. बाहेरची अलॉय बहुतेक शंकूच्या बैठकीची. चाकणला बनलेल्या पोलोचे मूळ गोल बोल्ट अशा अलॉयला लावले की धातू फक्त एका बारीक कड्यावर टेकतो. पाना 'टक' म्हणतो, मालक खूश होतो, आणि पुढे बोल्ट आपोआप ढिला पडतो. हे डोळ्यांना दिसत नाही. मी बैठकीला खुणेचा निळा रंग लावून बोल्ट आवळतो, काढतो आणि डाग कुठे पडला ते बघतो.

ऑफसेटचं, म्हणजे चाकाच्या रुंदीचा मध्य हबच्या टेकणीपासून किती मिलिमीटर आत बसतो त्याचं, गणित कागदावर होतं. सात इंच रुंदीचं, 45 ऑफसेटचं चाक काढून आठ इंची, 35 चं बसवलं, तर बाहेरची कड 22.7 मिलिमीटरने बाहेर येते आणि आतली 2.7 ने आत जाते. पुण्यात रिकामी गाडी उभी असताना हे देखणं दिसतं. तीच गाडी दिवाळीला माणसं आणि फराळाचे डबे भरून जामखेड-खर्ड्याकडून ईटला निघाली की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. म्हणून मी मोजमाप चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घेतो. आत ब्रेकच्या कॅलिपरला किती जागा उरते तेही तेव्हाच बघतो. 35 प्रोफाइलचे, म्हणजे ठेंगण्या भिंतीचे टायर घालून गावाकडे जाणार असाल तर मी सरळ नको म्हणतो. रागावलेलं गिऱ्हाईक परवडतं.

आणि नवीन चाकं टाकल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे असतात, चाक थंड असताना. पुण्याहून निघालात तर तेवढ्यात शिरूर येतं. चहा सावकाश घ्या, तोवर चाक निवतं. रेंच मी डिकीत टाकून देतो, परत येताना आणून द्यावा.