चोर्ल्यापलीकडची भट्टी

फेणीची भट्टी बघायला जायची कल्पना माझी. बाबा सोबत येतील असं वाटलंच नव्हतं. आमच्या घरात दारूचा विषय निघाला की आवाज खाली येतात. मोठे काका त्यातच गेले, तेव्हा मी तिसरीत होते. पण आदल्या रात्री बाबा म्हणाले, "मीही येतो. गाडी तू चालव."

एप्रिलमधला रविवार. बेळगावहून सहाला निघालो, जांबोटीला चहा घेतला, कणकुंबीला माउलीच्या देवळात थांबलो. मलप्रभा इथे उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. याच खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई मात्र घाट उतरून पणजीकडे, समुद्राला मिळते. बाबाही असेच दोन बाजूंचे: जन्म सत्तरीतला, संसार बेळगावातला.

चोर्ल्याचा घाट उतरताना मी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली होती. प्रत्येक वळणावर दरीतलं जंगल नव्याने दिसायचं. आई करवंदांचा द्रोण मांडीवर घेऊन बसलेली. बाबा गप्प.

केरीच्या पुढे एका वाडीत भट्टी होती. दिसण्याआधी तिचा वास आला: पिकलेल्या बोंडूंचा, गोड आणि उग्र. भट्टीवाले काका समजावून सांगू लागले. झाडावरून तोडायचं नाही, खाली पडलेलं बोंडूच घ्यायचं. बी पिरगाळून वेगळी करायची. बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, पायांनी तुडवायचे. रस तीनेक दिवस आपोआप आंबतो. पहिल्या धारेची ती हुर्राक, सौम्य. ती पुन्हा गाळली की फेणी. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड. पण त्यापासून फेणी केली ती गोव्यानेच. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

"आणि चोथा दगडाखाली दाबला की थेंबथेंब गळतो तो नीरो," बाबा मध्येच म्हणाले.

आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दादा नि मी एकाच कोळंबीत उतरायचो. आधी कोण दमतो याची पैज. दरवेळी दादाच जिंकायचा. मग बक्षिसाचा नीरो अर्धा मला द्यायचा."

मला आठवणारे काका म्हणजे ओसरीवर झोपलेले, ज्यांच्याजवळ आई आम्हाला जाऊ द्यायची नाही. पैज जिंकून अर्धा वाटा देणारा मुलगा मला कुणी दाखवलाच नव्हता.

काकांनी हुर्राकचा पेला पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि हसून परत दिला. "दादाने माझ्या वाटणीची पिऊन घेतलीय." मग आम्ही तिघांनी थंडगार नीरो घेतला. मला तर गाडीच चालवायची होती.

तुम्हालाही जायचं असेल तर मार्च ते मे हेच दिवस. पाऊस लागला की भट्ट्या थंडावतात. आधी विचारून जा, आणि गाडी चालवणाऱ्याने नीरोवरच थांबा.

परतीला घाट चढताना बाबा दादाबद्दल बोलत होते. शाळा, नदी, चोरलेले फणस. पंचवीस वर्षांत त्यांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. मागे आई डोळे पुसत होती.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि गाडी हळूच चालवली.