आखाजी, आवराआवर आणि कागद

खानदेशात दिवाळीची सफाई होते, श्रावणात कानबाई देवी बसवण्यापूर्वीही घर धुतले-रंगवले जाते. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास होणारी आवराआवर वेगळी असते, कारण तिच्यामागे ऊन, पाऊस आणि हिशेब अशी तीन कारणे एकाच वेळी असतात. पारा 45 अंशांकडे सरकू लागला की धान्य, गोधड्या आणि डाळी उन्हात पसरायला याहून चांगले दिवस नसतात. पाऊस महिन्या-दीड महिन्यावर आलेला असल्याने धाब्याच्या घरांना, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या घरांना, पाणी मुरू न देणाऱ्या पांढरट खाऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागे, आणि त्यासाठी छताखालचा सगळा पसारा आधी अंगणात येई. उरला हिशेब, त्याच्याकडे पुढे यावे लागेल.

या आवराआवरीत कापड सहसा वाया जात नसे. जुने लुगडे गोधडीत जाई, गोधडीलाही न चालणारे बोहारणीकडे जाऊन त्याचे भांडे होई, आणि तेलाचा रिकामा डबा धान्याचा डबा होऊन आणखी वीस वर्षे टिके. दुसरा जन्म नव्हता तो फक्त लिहिलेल्या कागदाला, म्हणून घराबाहेर पहिला तोच पडे. प्रस्तुत लेखकाच्या जळगावकडील घराचा माळा यंदा रिकामा करताना वरून एक गंजलेली तार खाली आली, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची चकती असलेली. आलेले प्रत्येक पोस्टकार्ड वाचून झाल्यावर ज्या तारेत ओवून भिंतीवर टांगले जाई, तीच ही. तिच्यावर आता एकही कार्ड नव्हते.

धुळ्याचे नाव ज्या माणसाशी जोडलेले आहे, त्याचे आयुष्य अशाच कागदांमागे गेले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुन्या वाड्यांतील दप्तरे, म्हणजे फडक्यात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे, शोधत गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला आणि पुढे असे 22 खंड झाले. 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे, म्हणजे अनेक रचना उतरवून घेतलेल्या हस्तलिखित वह्या, आयुष्यभर गोळा केली. घरातल्यांना जुन्या दप्तरांची मोडी लिपी वाचता येईनाशी झाली, तेव्हा न वाचता येणारा कागद आणि निरुपयोगी कागद यांतला फरक पुसला गेला, आणि माळे रिकामे होऊ लागले.

तारेवरची कार्डे मात्र मोडीतली नव्हती. ती फुईची, म्हणजे वडिलांच्या बहिणीची होती, तापीकाठच्या सासरहून आलेली. तिला लिहिता येत नव्हते. गावातले गुरुजी किंवा शेजारचा मुलगा लिहून देई, आणि तिच्या तोंडची अहिराणी कागदावर पुस्तकी मराठी होऊन येई. तरीही शेवटच्या ओळीत, घाईत किंवा तिच्या आग्रहाने, एखादे वाक्य तसेच राहून जाई, आणि आजी तेवढेच पुन्हा वाचून घेई. एका आखाजीला, तार तशीच ठेवून, कार्डे रद्दीच्या तराजूत गेली. ज्यांनी ती दिली त्यांना वाचता येत होते आणि जिची ती होती तिला येत नव्हते, म्हणून तिला कोणी विचारले नाही. हा राग इतक्या वर्षांनीही निवलेला नाही, आणि तो निवावा अशी इच्छाही नाही.

असोद्याच्या माहेरच्या आणि जळगावच्या सासरच्या बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी वहीत टिपून ठेवल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या वारल्या, नंतर ती वही आचार्य अत्र्यांपुढे गेली आणि 1952 मध्ये पुस्तक आले. मधल्या एखाद्या आवराआवरीत ती वही कोणाच्या हाती लागली असती तर, हा विचार खानदेशातल्या माणसाला सहज सोडत नाही. जपानच्या मारी कोंडो यांच्या 2011 सालच्या, घर आवरण्यावरच्या, जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकात हा क्रम कपड्यांपासून सुरू होतो आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी येतात. कागदांबाबत त्या फार कठोर असल्या, तरी या एका बाबतीत त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

आता हिशेब. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला संपते आणि नवे त्याच दिवशी ठरते. वर्षभरात त्याने घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे किंवा धान्य, मालकाच्या वहीत मांडलेली असे: अमुक ज्वारी, दवाखान्याला इतके, मुलीच्या लग्नाला इतके. साल फिटले की त्या वहीचे काम संपे, आणि पुढच्या झाडलोटीत ती फुईच्या कार्डांच्याच वाटेने जाई. देशमुख-देशपांड्यांचे कागद राजवाड्यांसारख्यांच्या हाती लागले, पण या वह्या कोणी मागायला आले नाही. रावेर, यावल, चोपडा, शिरपूरकडच्या जुन्या घरांत त्यांतल्या काही अजून असू शकतील. त्या मालकाच्या घरात असल्या, तरी त्यांतली नावे सालदारांची आहेत. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्या त्यांच्या नातवंडांना दाखवल्या, तर आजोबा कोणत्या साली कोणाच्या शेतात राबले आणि आत्याच्या लग्नासाठी त्यांनी किती उचल घेतली, हे त्यांना पहिल्यांदाच लिहिलेले वाचायला मिळेल.