उपग्रहाला मासा दिसत नाही

माझं गाव राळेगाव. काळी माती, कापूस, आणि समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. तरी माझं सगळं शिक्षण आणि काम समुद्राचं झालं, आणि त्यासाठी मी वडकीच्या हमरस्त्यावरून गाडी धरली ती हैदराबादची. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे 'इन्कॉइस', तिथे आहे. संभाव्य मासेमारी क्षेत्राचे सल्ले तिथून देशभरच्या बंदरांना जातात, मराठीतही. कुठल्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोल पाण्यात जायचं, एवढं त्यात असतं. असे सल्ले खरे ठरतात का, हे पडताळण्याच्या कामात मी बरीच वर्षं घालवली.

घरी आजही विचारतात, "वरून मासे दिसतात का गं?" नाही दिसत. दिसतो तो पाण्याचा रंग. सूक्ष्म वनस्पतींमधलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून ते किती आहे याचा अंदाज बांधता येतो. 1999 साली गेलेल्या ओशनसॅट-1 पासून आपल्याकडे हे सुरू आहे. 2022 च्या ओशनसॅट-3 वरचा कॅमेरा 13 वर्णपट्टे टिपतो. त्याला पृष्ठभागाच्या तापमानाची जोड दिली, की गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं ती रेषा सापडते. तिथे खाद्य साचतं, खाद्यामागे तारली-बांगडा येतो, त्यांच्यामागे मोठी मासळी.

पण रंग फसवा असतो. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातले दहापैकी सुमारे नऊ भाग हवेचेच असतात. ते वजा करायचे आणि उरलेल्यावर भिस्त ठेवायची. ढग आले की तेही नाही. किनाऱ्याजवळ गाळ असला तर मातीही हरितद्रव्य म्हणून मोजली जाते. पावसाळा सरताना आकाश उघडलं, की गोदावरीच्या मुखाशी गढूळ पाण्याचा पट्टा चित्रात स्पष्ट दिसतो. आमच्या तालुक्याच्या कडेने वाहणारी वर्धा प्राणहितेतून गोदावरीलाच मिळते. राळेगावच्या शेतातले काही कण त्या पट्ट्यात असणारच, हा विचार मला कधीच सुटला नाही.

म्हणून संगणकावरचं चित्र मी कधी अंतिम मानलं नाही. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात एका तांडेलांना मी विचारलं, सल्ल्याचा उपयोग होतो का? ते म्हणाले, "होतो ताई. डिझेल वाचतं. पण जाळं रिकामं आलं तर ते कोण सांगायला येतं?"

या कामातली सगळ्यात मोठी उणीव त्यांनी नेमकी पकडली होती. भरलेल्या जाळ्याची गोष्ट बंदरभर होते, रिकाम्या फेरीची होत नाही. फक्त यशाच्या नोंदी जमवल्या तर कुठलाही सल्ला उत्तमच दिसणार. आणि मासळी कुठे आहे याइतकंच ती किती उरली आहे, हेही कळायला हवं. केरळात 2012 साली तारली जवळपास 3.9 लाख टन उतरली होती. 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. पुढे ती पुन्हा वाढली. अशा चढउतारात हवामानाचा हात किती आणि जाळ्यांचा किती, हे एकटा उपग्रह सांगू शकत नाही. त्याला बोटीवरची नोंद लागते. नुसता जागा दाखवणारा सल्ला अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझी विनंती तांडेलांना आणि मच्छीमार सोसायट्यांना आहे. बोटीवर एक वही ठेवा. तारीख, जागा, किती वाव पाणी, कोणती मासळी, किती किलो, एवढं लिहा. काही लागलं नाही, तर तेही लिहा.