माहितीपटाचा पेशा : रोहण्याहून एक पत्र

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा

चि. ताईस,

पर्यावरण आणि मानवी हक्क हे माहितीपटाचे किंवा पत्रकारितेचे दोन वेगळे विषय वाटले, तरी जमिनीवर ते एकच काम असते. धरणाची भिंत उठते तेव्हा नदी अडते आणि गावही उठते. कीटकनाशक बोंडअळीवर पडते तसे फवारणाऱ्याच्या छातीतही जाते. त्यामुळे नदीची बातमी आणि नदीकाठच्या माणसाची बातमी वेगळी काढता येत नाही. बातमी घटना सांगते; माहितीपट त्या घटनेच्या आधीचा आणि नंतरचा काळ दाखवतो. दोन्हींचे खरे भांडवल वेळ हेच आहे.

महाराष्ट्रात या पेशाचे सर्वांत ठळक उदाहरण आनंद पटवर्धन यांचे. १९५० साली मुंबईत जन्मलेल्या पटवर्धनांनी आणीबाणीच्या सुमारास चित्रणाला सुरुवात केली. ‘हमारा शहर’ (१९८५) हा त्यांचा माहितीपट मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांवर आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. ऑल्गा टेलिस या पत्रकार. फुटपाथवासीयांना हुसकावण्याविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्या निकालातून प्रस्थापित झाले. रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभा मात्र न्यायालयाने ठेवली. तत्त्व जिंकले तरी घर वाचेलच असे नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याला सतत समोर दिसते.

पटवर्धनांनी सिमंतिनी धुरू यांच्यासह केलेला ‘नर्मदा डायरी’ (१९९५) सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या मणिबेली गावाच्या लढ्याचा आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ला (२०११) तर चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मरण पावले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. तिथून सुरू झालेले चित्रण खटला, निवडणुका आणि शाहिरी जलसे यांच्या मागे जात राहिले. गोळीबाराची बातमी दुसऱ्या दिवशी छापता येते. न्याय मिळाला की नाही, हे दाखवायला मात्र वर्षे थांबावे लागते.

लेखणीच्या बाजूला पी. साईनाथ यांचे काम असेच आहे. १९९३ मध्ये पाठ्यवृत्ती घेऊन ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरले; त्यातून आलेले पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने वाचले जाते. पुढे विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर त्यांनी सातत्याने लिहिले. २००६ मध्ये मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते आणि तिथे सुती कपड्यांचे प्रदर्शन चालले होते. त्याच काळात तो कापूस पिकवणाऱ्यांच्या मृत्यूंसाठी विदर्भात आलेले राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते. हा विरोधाभास साईनाथांनी आकड्यासह मांडला. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. साईनाथांच्या या कामावर दीपा भाटिया यांनी ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा माहितीपट केला. साईनाथांनीच डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज मराठीतूनही लेख आणि फिल्म येतात.

वर्धा जिल्ह्यातलेच उदाहरण डोरलीचे आहे. २००५ च्या अखेरीस कर्जाने पिचलेल्या या गावाने ‘गाव विकणे आहे’ अशी पाटी लावली, तेव्हा कॅमेरे धावत आले. पाटीचे छायाचित्र सर्वांनी घेतले. पाटीमागचे कर्ज कोणाचे, कोणत्या दराने आणि कोणत्या हंगामापासूनचे, हे समजून घेणे अधिक कष्टाचे होते आणि पत्रकाराचे खरे काम तिथेच सुरू होते.

हे काम कागदापासून सुरू होते. शेतकरी आत्महत्या झाली की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पात्रतेसाठी सातबारावर नाव आणि संस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाची नोंद पाहिली जाते. मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. बाईच्या नावावर शेत क्वचितच असते. कृषी केंद्राची उधारी चिठ्ठीवर असते आणि सावकाराचे देणे तर तोंडीच. म्हणजे घरातला माणूस गेला, देणे उरले, पण कागदावर तो शेतकरीच नाही. फोटोला घातलेल्या हारापेक्षा हा सातबारा अधिक बोलतो, पण तो वाचता आला पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त, वनहक्क दाव्याची फाइल ही या पेशाची रोजची हत्यारे. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघावी लागते. तेवढ्या दिवसांत अहवाल वाचून गावकऱ्यांशी बोलणारा वार्ताहर सुनावणीत काय दडपले गेले ते ओळखतो.

कागदानंतर शेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. फवारा वर उडून तोंडावर येत होता. रुग्णालयातल्या खाटांचे चित्रण आवश्यकच, पण कारण शेतात दिसते : पाठीवरचा पंप, तोंडाला बांधलेला दुपट्टा, अनवाणी पाय, कृषी केंद्रातून मिळालेले दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि डब्यावरचा बारीक, न वाचता येणारा मजकूर. हे टिपायला कॅमेरा फवारणाऱ्याच्या उंचीवर असावा लागतो आणि माइकला वाऱ्यापासून जपावे लागते. चित्र थोडे हलले तरी चालते, माणसाचा शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

बोलणाऱ्याची संमती ही या कामाची नैतिक अट आहे आणि ती एका सहीने संपत नाही. दुःखाच्या पहिल्या दिवशी दिलेला होकार महिन्याभराने बदलू शकतो. सावकाराचे नाव घेतल्यामुळे उद्या बियाण्याला पैसे मिळणार नसतील, तर ते नाव वगळायचे की नाही, हे त्या घरानेच ठरवायचे असते.

या वाटेवर धोके आहेत. चित्रपट प्रमाणन १९५२ च्या कायद्याखाली होते. पटवर्धनांच्या ‘वॉर अँड पीस’ला प्रमाणन मंडळाने २१ काटछाटी सुचवल्या, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाट दाखवण्याचा मार्ग मोकळा केला. पत्रकाराचा धोका याहून थेट असतो. राजापूर तालुक्यातील बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाबद्दल लिहिणारे शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून मारण्यात आले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच कायदा मंजूर केला होता. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने लिहिणाऱ्यामागे संपादक, वकील आणि सहकारी उभे असतील तरच असा कायदा कामाला येतो.

शिक्षणासाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था यांची नावे प्रथम येतात; वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचाराचे शिक्षण मिळते. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तमाध्यमाच्या स्त्री वार्ताहर मोबाइलवर चित्रण करतात, त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. साधन लहान असले तरी अडत नाही. अडते ते पोटापाण्यापाशी. स्वतंत्र माहितीपटाला नियमित उत्पन्न नसते. बहुतेकजण संकलन, अध्यापन किंवा संस्थांसाठीचे चित्रण करून आपल्या फिल्मचा खर्च भागवतात.

विषयांसाठी दूर जावे लागत नाही. आर्वी तालुक्यातच धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्पाचे धरण आहे, आणि पुनर्वसनाचा हिशेब धरण भरल्यावर संपत नाही. गवळाऊ जातीच्या गायी पाळणारे नंदागवळी लोकही इथेच आहेत. चराईचे रान आक्रसले की जनावरांची जात आणि त्या लोकांचे जगणे दोन्ही आक्रसतात. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. मृतांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. असा जीवघेणा रोज माणूस का पत्करतो, याचे उत्तर कोरडवाहू शेतीच्या हिशेबात सापडते. हे सगळे विषय इथल्या बोलीत, इथल्या माणसाने मांडले तर बाहेरच्याला जे विचारायलाही सुचत नाही, ते आपसूक समोर येते.

फिल्म पूर्ण झाली की ती प्रथम त्याच गावात, ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा शाळेच्या पटांगणात दाखवावी, ही या पेशातली उत्तम प्रथा आहे. चूक दाखवण्याचा पहिला अधिकार त्या लोकांचा आहे. त्यांनी दिलेली कागदपत्रे परत करणे, चित्रणाची प्रत गावात ठेवणे आणि खटला किंवा पुनर्वसन निकाली निघेपर्यंत पाठपुरावा करणे, एवढे झाले म्हणजे काम पूर्ण होते.

कळावे,
तुझा मामा