दोर

दोस्तहो, मशीनबद्दल लिहितो. कवितेचा विषय नाही, माहीत आहे.

मी एका ठेकेदाराकडं ड्रेनेजच्या गाडीवर हेल्पर. ट्रकवर दोन टाक्या, एकीत पाणी, दुसरीत गाळ. एक पंप पाणी जोरानं नळीत मारतो, दुसरा टाकीतली हवा ओढून घाण वर खेचतो. हा दुसरा नाजूक. त्याच्या रोटरच्या खाचांत पट्ट्या असतात, वेन म्हणतात. घाण आत गेली की वेन खलास. ती जाऊ नये म्हणून एक बॉल असतो, टाकी भरली की तो तरंगून हवेची वाट बंद करतो. पण तिथं कॅरीबॅग अडकली तर?

औरंगपुऱ्यात अडकली. भाजीमंडईजवळ चेंबर तुंबलेलं, गिऱ्हाइकं नाक दाबून, पायजमे वर धरून चाललेली. गेजचा काटा हलेना. ड्रायव्हर चाचा, तेच आमचे खरे मिस्त्री, त्यांनी पंप खोलला. दोन वेन तुटलेल्या. "बेटा, ये तो गया."

वेन बदला म्हणून चाचांनी तीन आठवडे आधीच चिठ्ठी दिली होती. ती साहेबाच्या ड्रॉवरात. स्टोअरला वेन नाही, ऑइल सील नाही, पॅकिंग नाही. दोर आहे. दोर संपला असं आमच्या स्टोअरला कधी झालंच नाही.

मुकादम तोच घेऊन आला. "उतर रे. दहा मिनटाचं काम. तुझा बाप तर बिडी विझवून सरळ आत जायचा."

जायचा, खरंय. कामट्या घेऊन, अंगाला तेल फासून. रात्री भाकरीला हात लावायचा नाही, माय भरवायची. लहानपणी मला ते लाड वाटायचे.

त्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गॅस फार वाढला की वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणून माणूस उतरतो, अन् वर येत नाही.

मी म्हणालो, "2013 चा कायदा हाय, मुकादम. कलम 7. साधनं न देता गटारात माणूस घालायचा न्हाई. दोन वर्षांपर्यंत कैद हाय."

"मला कायदा कामून शिकवायला?"

"मेलेल्याचे 10 लाख होते, 2023 ला सुप्रीम कोर्टानं 30 केले. तुमी देता का?"

तो गप्प. गर्दीतला एक म्हणाला, "अरे उतर ना बाबा, दुकान उघडायचंय." जोतिबांचा पुतळा याच औरंगपुऱ्यात आहे. 11 एप्रिलला हा गृहस्थ हार घेऊन येतही असेल, मला काय माहीत.

सक्शन मेलं होतं, जेट जिवंत होता. चाचा म्हणाले, खालच्या कोरड्या चेंबरातून मार. नोझलची भोकं मागच्या अंगाला असतात. पाणी मागं उडतं आणि नळी आपोआप पुढं सरकते. आम्ही वरूनच सोडली. पॅकिंग गळायचं, प्रेशर उतरायचं, चाचा नट आवळायचे, पुन्हा तेच. शिव्या मशीनला घातल्या, मनात दुसऱ्याच कुणाला. साडेतीनला आत गडगडलं आणि पाणी सुटलं.

माझी अर्धी मजुरी कापली. कारण, 'मशीन बंद'.

नवी चिठ्ठी मी दोन प्रतींत लिहिली, तारीख टाकून पोच घेतली. वेन एकोणिसाव्या दिवशी आल्या. तोवर दोर दोनदा बाहेर निघाला. उतरलेली पोरं माझ्या ओळखीची नव्हती, दुसऱ्या वस्तीतली. नावं विचारून ठेवलीत. रविवारी त्यांच्याकडं जायचंय. कोण येतंय?